मामाच्या श्वासाची वाफ

१

सिडनीच्या धक्क्यावर आमचं जहाज सहा तासांत कपडे बदलतं.

सकाळी बेटांवरून परत आलेले लोक उतरतात. त्यांची नाकं सोललेली असतात, पोरींच्या केसांत बारीक वेण्या असतात, आणि लहान मुलं उतरायला तयार नसतात. दुपारी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडे निघालेले लोक चढतात. मधल्या वेळात आम्ही छत्र्या खाली नेतो, ब्लँकेटं वर आणतो. बर्फ किसायचं यंत्र झाकून त्याच्या जागी सूपची मोठी भांडी मांडतो. आमचे फुलाफुलांचे शर्ट दुसऱ्या मजल्यावरच्या पेटाऱ्यांत जातात आणि निळे स्वेटर बाहेर येतात. टॉवेलची माकडं, हत्ती, कासवं करून पलंगावर ठेवायची ती फक्त उकाड्याच्या फेरीत. थंडीत कुणी कासव मागत नाही, जास्तीची रजई मागतं.

जहाज तेच, पण आतली हवा पार निराळी. उकाड्यात दारं आपटतात, कॉरिडॉरभर ओली पावलं उमटतात, तिसऱ्या दिवशी अर्धं जहाज मला नावाने हाक मारत असतं. थंडीत लोक दार हलकेच लावतात. लोकरी टोप्या, दुर्बिणी, हजार तुकड्यांची कोडी. उकाड्यात माणसं एकमेकांकडे बघतात, थंडीत बाहेर बघतात. मला खरं तर थंडीची फेरी आवडते. तेव्हा कुणी मला "हस की जरा" असं सांगत नाही.

वाइसाके मामांना मात्र ती कधीच आवडली नाही. ते माझ्या आत्याचे यजमान, पण उष्ण समुद्रातल्या आमच्या कंदावू बेटावर आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. एकवीस वर्षं ते इथे डेकवरच्या खुर्च्या आणि ब्लँकेटं सांभाळताहेत, आणि एकवीस वर्षं थंडीच्या प्रत्येक फेरीत कुरकुरत आलेत. दोन मोजे, तीन बनियन, छातीला वर्तमानपत्र. तोरिकाआत्या खाली लाँड्रीत होती. ती वाफेच्या इस्त्रीतून निघालेला गरम टॉवेल पोटाशी धरून पाच जिने चढायची आणि सगळ्यांदेखत यांच्या स्वेटरच्या आत कोंबायची. "घ्या, माझं म्हातारं बाळ गारठलं," म्हणायची. मामा लाजून लाल व्हायचे.

आत्या डिसेंबरात गेली.

एप्रिलच्या या फेरीत मामा एका बनियनवर स्वेटर घालून डेकवर उभे होते, आणि कुरकुरत नव्हते. मला वाटलं, दुःखाने माणूस शहाणा झाला असेल. मी तेवढ्यावर सोडून दिलं.

२

तिसऱ्या दिवशी सकाळी ग्लेनिसबाईंनी मला बोट वाकवून बोलावलं. वय ऐंशी, बॅलरॅटच्या शाळेत चाळीस वर्षं मास्तरीण, एकट्याच आलेल्या. हनुवटीपर्यंत ब्लँकेट ओढून डेकवर बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गुण द्यायच्या.

"ए मुली. सूप पाणचट आहे, पण ते राहू दे. तो ब्लँकेटवाला तुझा कोण?"

"मामा."

"त्याच्या तोंडाकडे बघ."

"का? काय केलं त्यांनी?"

"आधी माझ्याकडे बघ." बाईंनी गाल फुगवून 'हाऽऽ' करून श्वास सोडला. पांढरी वाफ निघाली आणि वाऱ्यावर गेली. बाई शाळेतल्या पोरीसारख्या खूश झाल्या. "आता त्याच्याकडे."

मामा रेलिंगपाशी एका जोडप्याशी बोलत होते. नवऱ्याच्या तोंडातून वाफ येत होती, बायकोच्याही. मामा मोठ्याने हसले. काही नाही.

"तासभर बघतेय," बाई म्हणाल्या. "ढीगभर ब्लँकेटं उचलून धापा टाकतोय, तरी वाफ नाही."

"बाई, ते उन्हात उभे आहेत."

"कसलं ऊन? तीन दिवसांत ऊन पाहिलंयस तू?"

म्हाताऱ्या माणसांना वेळ फार असतो, त्याला काय करणार. मी आमच्या राजधानीत, सुव्याच्या विद्यापीठात, भूगोल शिकले आहे. वाफ दिसायला हवा किती गार आणि किती ओली लागते, ते मला पाठ आहे. वाऱ्याची दिशा, माणसाची उंची, मागची भिंत, शंभर कारणं असू शकतात. ती कारणं मोजतच मी मामांपाशी गेले आणि त्यांचा हात धरला. हात गरम होता. ताप असल्यासारखा नव्हे, उन्हात ठेवलेल्या दगडासारखा. आणि कानाच्या पाळीमागे वाळूचे कण चिकटले होते.

"मामा, कानामागे वाळू आहे."

"राहिली असेल."

"मागच्या फेरीतली? तेव्हापासून आंघोळ नाही केलीत?"

"तू माझी मुकादम आहेस का गं?" मामा अगदी जवळ येऊन हसले. त्यांचा श्वास माझ्या तोंडावर आला. त्याला खोबरेल तेलाचा वास होता.

३

माझ्या कॉरिडॉरच्या टोकाला ५११६ नंबरची केबिन आहे. आतल्या बाजूची, बिनखिडकीची. हीटर बिघडला म्हणून या फेरीला ती बंद ठेवली होती. आमच्या मजल्याची प्रमुख मारिबेलताई, मनिलाची, कडक. तिने निघतानाच बजावलं होतं, "ते दार उघडायचं नाही. आत गारठा आहे नुसता."

त्या दुपारी मी ढकलगाडी घेऊन तिथून चालले होते. कॉरिडॉर एवढा शांत होता की गाडीचं एक चाक कुरकुरतंय हे मला पहिल्यांदाच कळलं. आणि ५११६च्या दाराखाली पिवळा उजेड दिसला. दिव्याचा नाही. दुपारच्या उन्हाचा असतो तसा, हलणारा, पाण्यावरून भिंतीवर पडतो तसा.

मी दाराच्या मुठीला हात लावला. कोमट होती. आतून आवाज येत होते, फार लांबून. पाण्यात कुणीतरी उडी मारली. पोरांची किंकाळी. कुणाचं तरी दार आपटलं.

टीव्ही चालू राहिला असेल. हीटर बिघडला म्हणजे बंद पडला असंच नाही, उलटाही बिघडू शकतो. उजेड टीव्हीचाच. तिन्ही गोष्टींची कारणं मला लगेच सापडली. चौथी गोष्ट अशी झाली, की दार उघडून मामा बाहेर आले.

बूट हातात, पाय अनवाणी, गुडघ्यापर्यंत ओले. त्यांनी दार मागे ओढून घेतलं आणि मला बघितलं.

"किती वेळा शिकवलंय," ते म्हणाले. "दाराशी कान लावून उभं राहायचं नाही. तीनदा टकटक, एक श्वास थांबायचं, मग हाक."

"या केबिनची किल्ली तुमच्याकडे कशी?"

"किल्ली लागत नाही गं," ते म्हणाले, लहान मुलाला सांगावं तसं, आणि गालिच्यावर ओली पावलं उमटवत निघून गेले.

ते वळल्यावर मी माझ्या किल्लीने दार उघडलं. आत काळोख. गारठा. उघडी गादी, बंद टीव्ही, समोर भिंत. मी दिवा लावला. गादीवर टॉवेलचं कासव होतं, मान डावीकडे वळवलेलं. जहाजावर सगळे कासवाची मान सरळ ठेवतात. आत्या एकटी वळवायची. मला शिकवताना म्हणाली होती, "मागे बघू दे त्याला. कोण कोण येतंय ते कळायला नको?"

मी कासवाला बोट लावलं. टॉवेल इस्त्रीतून आत्ता काढल्यासारखा गरम होता.

४

आता मला माझी चूक सांगायला हवी.

आमच्याकडे माणूस गेलं की शंभर रात्री मोजतात. जवळची माणसं काळं घालतात. शंभर रात्री भरल्या की गेलेल्याच्या घरचं कुणीतरी ते काळं आपल्या हाताने उतरवतं आणि अंगावर रंगीत कापड घालतं. ज्याचं त्याने उतरवायचं नसतं. कितीही दिवस झाले तरी नाही.

मामांची रजा अकराव्या दिवशी संपली. जहाजाच्या गणवेशात काळं चालत नाही, म्हणून त्यांनी आत्याच्या कामावरच्या काळ्या एप्रनची पट्टी फाडून बाहीच्या आत दंडाला बांधली. शंभर रात्री भरल्या तेव्हा आम्ही बेटांच्या फेरीवर होतो. जहाजावर आत्याच्या माहेरची मी एकटी. मामा केस विंचरून, हातात कात्री घेऊन माझ्या कॉरिडॉरमध्ये आले. दुपारचे बारा. माझ्या सोळा केबिन साफ व्हायच्या होत्या.

आणि मी चिडलेली होते. आत्याच्या मातीला मला सोडलं नव्हतं, आणि गावाहून मोठ्यांचे फोन कशासाठी, तर कुणी आहेराच्या किती चटया आणल्या, कोण कुठे बसलं, कुणाचा मान राहिला. माणूस कसा गेला, हे एकालाही सांगावंसं वाटलं नाही. मी म्हणाले, "मामा, हे सगळं गावात ठीक आहे. इथे एका चिंधीने कुणाचं काय अडतंय? जूनमध्ये घरी गेल्यावर करू."

मामांनी कात्री खिशात ठेवली. "बरं. तू शिकलेली आहेस," म्हणाले.

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी भांडले असते.

५

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही डस्कीच्या खाडीत शिरलो. या फेरीतलं ते दक्षिणेचं शेवटचं टोक. दुपारी तीनला जहाज तिथून मागे फिरतं.

पाऊस भुरभुरत होता. दोन्हीकडे काळे कडे, त्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा. तीनशे माणसं डेकवर उभी होती आणि एकही मोठ्याने बोलत नव्हतं. रेलिंगच्या कडेने त्यांच्या श्वासांची एक लांब पांढरी ओळ झाली होती. तिच्यात एका ठिकाणी खंड होता. तिथे मामा उभे होते.

"त्या केबिनमध्ये काय आहे?" मी सरळ विचारलं.

"बेटांची फेरी," मामा म्हणाले. जेवायला काय आहे ते सांगावं तसं. "आपण इकडे आलो म्हणून ती थोडीच संपते? आपण जेवढे दक्षिणेला येतो, तेवढं तिकडे लख्ख ऊन पडतं."

"आत्या दिसते?"

"अजून नाही. हाक ऐकू येते. पुढच्या डेकवर टॉवेल वाटत असते. मी पोचेपर्यंत ती पुढे निघून गेलेली असते. पण दर वेळी थोडी कमी पुढे." त्यांनी कड्यांकडे बघितलं. "आज जहाज वळेल तेव्हा मी आत असेन."

"आणि मग बाहेर कसे येणार?"

मामा नुसते हसले. वाफ नाही.

माझं डोकं फिरलं. "लाज नाही वाटत तुम्हाला? जूनमध्ये लोसाना बाळंत होणार आहे. पोटची पोर तुमची! तिने फोनवर विचारलं की बाबा कुठेत, तर मी काय सांगू? ५११६मध्ये पोहताहेत?"

"लोसानाला नवरा आहे, सासू आहे, सगळं गाव आहे. तोरिकाला तिकडे कोण आहे?"

"मी डॉक्टरांना सांगेन."

"सांग की. नाडी बघतील. नाडी उत्तम आहे माझी." त्यांनी माझ्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं. "तू गारठलीस बघ. आत जा."

मी आत गेले. पण डॉक्टरांकडे नाही.

६

मारिबेलताई जिन्यात भेटली. पेटाऱ्याची चावी मागितल्यावर तिने कपाळाला हात लावला. "फुलाफुलांचा शर्ट? आज? बाहेर आठ अंश आहे, वेडे."

"ताई, माझ्या आत्याचं एक काम राहिलंय."

तिने गळ्यातली चावी काढून दिली. "दहा मिनिटं. मी काही बघितलं नाही."

मामांचा शर्ट मला लगेच सापडला. लाल जास्वंदीचा, कॉलर आत्याने दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेली. तो घेऊन मी जिने चढत होते आणि तिसऱ्या मजल्यावर माझे पाय थबकले. हा शर्ट तर उकाड्याचा. तिकडचा. मी मामांना सोडवायला चालले होते, की त्यांना तिकडे जायला नटवून देणार होते? आयुष्यात पहिल्यांदा मला कुणा मोठ्या माणसाला काहीतरी विचारावंसं वाटत होतं, आणि विचारायला एकही मोठं माणूस जवळ नव्हतं.

तीनला दहा मिनिटं होती. ५११६च्या बाहेर मामांचे बूट नीट जोडून ठेवलेले होते, त्यांवर स्वेटरची घडी होती. दाराखालचा उजेड आता कॉरिडॉरच्या निम्म्या भिंतीपर्यंत चढला होता.

मी तीनदा टकटक केलं. एक श्वास थांबले. "मामा."

आत पोरं ओरडत होती, पाणी उडत होतं, कुणीतरी तारा छेडत होतं.

"मामा, मी आलेय. माझं काम करायला आलेय."

आतले सगळे आवाज एकदम थांबले. गजबजलेल्या डेकवरच्या सगळ्यांनी एकाच वेळी मान वळवली असावी, तसे. मग दार दोन वीत उघडलं आणि भट्टीसारखी ऊब माझ्या तोंडावर आली.

मामा उंबऱ्यावर होते. केस ओले. एक पाय आत, एक बाहेर.

"उशीर केलास गं," ते म्हणाले.

"हो, केला. दंड पुढे करा."

पायाखालच्या यंत्रांचा सूर बदलला. जहाज वळायला लागलं होतं. मामांच्या मागे काय आहे ते मी बघितलं नाही. नजर त्यांच्या दंडावर खिळवून ठेवली. पट्टी पाण्याने फुगली होती, गाठ घट्ट बसली होती. माझ्याकडे प्रवाशांच्या शिवणाच्या डबीतली बोटभर कात्री. अशा वेळी म्हणायचे शब्द मी कधी नीट ऐकलेच नव्हते, मोठी माणसं बोलत असताना मी उठून जायचे. म्हणून माझेच म्हणाले.

"आमच्या घरची लेक गेली. शंभर रात्री तुम्ही तिला जपलंत, वर आणखी माझ्या हट्टापायी जपलंत. आता पुरे."

पट्टी तुटली. मी शर्ट त्यांच्या खांद्यांवर टाकला.

तेव्हा त्यांच्या बाजूने, उजेडातून, एक हात पुढे आला. कोपरापर्यंतच. ओला. अंगठ्याच्या मुळाशी इस्त्रीचा जुना डाग, अर्ध्या चंद्रासारखा. मनगटावर काळी पट्टी बांधलेली. त्याच कापडाची.

हात मामांपुढे नाही, माझ्यापुढे येऊन थांबला. तळवा वर करून.

तिकडेही कुणी आमच्या रात्री मोजत असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

कात्री दोनदा निसटली. कातडीला हात लागला. गार असता तर मी किंचाळले असते. पण तो ऊबदार होता, घडी घातलेल्या ताज्या टॉवेलसारखा, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. पट्टी तुटून खाली पडली. बांधायला रंगीत काही नव्हतं. मी मामांच्या शर्टाचा खिसा ओढून फाडला आणि ती लाल जास्वंद त्या मनगटावर बांधली.

उजेडातून दुसऱ्या हाताची दोन बोटं आली, त्यांनी गाठ चाचपून बघितली. धुतलेला कपडा तपासावा तशी. मग त्या बोटांनी माझ्या गालावर दोन हलक्या चापट्या मारल्या. मी मूर्खपणा करून वर तो निस्तरला, की ती मारायची तशा. मग तळवा मामांच्या छातीवर टेकला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि त्याने मामांना बाहेर ढकललं.

मामा धडपडत कॉरिडॉरमध्ये आले.

दार लागलं. आपटलं नाही. थंडीच्या फेरीतले लोक लावतात तसं, हलकेच लागलं. खालचा उजेड गेला.

७

माझ्या खिशात किल्ली होती. मी ते दार उघडून बघितलं नाही.

मामा भिंतीला टेकून उभे होते. जहाज वळून सरळ झालं तरी त्यांची नजर त्या बंद दारावरच होती. मला वाटलं, आता ते मला कधीच माफ करणार नाहीत. मग त्यांचे दात वाजायला लागले.

"वासिती," ते म्हणाले, "थंडी वाजतेय गं."

मी त्यांना बूट घातले, स्वेटर घातला, वर डेकवर नेऊन ग्लेनिसबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. स्वेटरखालून लाल शर्ट लोंबत होता.

"हे काय घातलंस त्याला?" बाई ओरडल्या. "न्यूमोनिया होईल! ब्लँकेट आण! आणि सूप, पाणचट असलं तरी!" बोलता बोलता त्या थांबल्या आणि मामांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मी खाली लाँड्रीत धावले. दुपारची पाळी संपलेली, खोलीत कुणी नव्हतं. इस्त्री कधीची बंद होती. मी पत्र्याला हात लावून पाहिला, तो गार होता. पत्र्यावर एक टॉवेल घडी करून ठेवलेला होता. त्यातून वाफ निघत होती.

मी तो पोटाशी धरला आणि पाच जिने चढून वर आले. सगळ्यांदेखत मामांच्या स्वेटरच्या आत कोंबला.

"अगं, भाजलं!" मामा म्हणाले. "आणि माझे दुसरे मोजे कुठेत? या जहाजावर एक काम धड होत नाही." ते लाजून लाल झाले होते, आणि प्रत्येक शब्दाबरोबर त्यांच्या तोंडातून वाफ येत होती.